पंधरवड्याची तपासणी

मीटरवरचा आकडा खाली येत होता आणि मी काहीही केलेलं नव्हतं.

सकाळचे दहा वाजले होते. खारवाडीत मैमूनाबीच्या अंगणात मी सिग्नल मोजायचा मीटर गळ्यात अडकवून उभी होते. अँटेना छपरावर, लोखंडी पाइपाच्या टोकाला, जागची हललेली नाही. वायर तीच. जोडण्या मी स्वतः दोनदा उघडून पाहिल्या होत्या. पाऊस नाही, वारा नाही, आभाळ तेवढं भुरकट. तरी आकडा उतरतच होता. पडवीत टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई होती. आधी तिच्या तोंडाचे चौकोन झाले, मग आवाज तुटला, मग पडदा काळा. मध्ये दोन शब्द आले : नो सिग्नल.

"बगा," मैमूनाबी म्हणाली. "मी काय खोटा बोलत हुते?"

ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली खाडीकाठच्या एका घराकडे पाहिलं. त्या घरात तिची सासू होती. वाडी तिला दादी म्हणायची. दादीचे पाय गेलेले होते. तिला उचलून वर आणायचं तर चार माणसं आणि अर्धा तास लागायचा. मैमूनाबीचा नवरा कुवेतला. आणि दुसऱ्या दिवशी वादळ किनाऱ्याजवळून जाणार होतं.

हे कसं झालं ते सांगते. त्यात माझी अक्कल फारशी दिसणार नाही, पण त्याला इलाज नाही.

मी तेव्हा रत्नागिरीच्या डोंगरावर एका टीव्ही प्रसारण केंद्रात असिस्टंट इंजिनिअर होते. रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेलं. टॉवर, ट्रान्समीटर, जनरेटर आणि बावकर नावाचा एक टेक्निशियन, असा माझा संसार. घराघरांत डिश आणि हातोहाती मोबाइल आल्यावर आमच्याकडे कोण ढुंकून बघतं? पण आधीच्या एका वादळात डिश उडाल्या, केबल तुटल्या, मोबाइलच्या टॉवरांचं डिझेल संपलं, आणि किनाऱ्यावरच्या वाड्या चार दिवस मुक्या-बहिऱ्या झाल्या. तेव्हा कुणाला तरी आठवलं की डोंगरावर एक टॉवर आहे आणि त्याच्याजवळ एक बाई पगार घेत बसलेली आहे.

मग आमच्याकडे डिजिटल ट्रान्समीटर आला, ट्रायलसाठी. टॉवरवरून निघालेला सिग्नल हवेतून थेट घरच्या अँटेनावर. मध्ये उपग्रह नाही, केबल नाही, इंटरनेट नाही. टीव्हीचा लहानसा संच स्कूटरच्या बॅटरीवर चालायचा. केंद्रातून मी बटण दाबलं की संचात भोंगा वाजायचा आणि पडद्यावर सूचना यायची.

खारवाडीत सात घरांना हे संच दिले. वाडीचं खरं नाव वेगळं आहे, ते इथे नको. सातही घरं उतारावरच्या वरच्या ओळीतली. खाली पाण्यालगत आणखी बारा-पंधरा घरं. वरच्यांनी बघायचं आणि खालच्यांना हाक मारायची, अशी योजना होती. वाडी आणि आमचा डोंगर समोरासमोर, मध्ये नुसतं पाणी. एवढा मोकळा रस्ता सिग्नलला दुसरीकडे कुठे मिळणार, असं मला वाटलं होतं. अँटेना लावताना मी सातही अंगणांत उभी राहून एकच वाक्य ऐकवलं होतं : "जितकी उंच, तितकी उत्तम." मॅन्युअलमध्ये तसंच होतं, आणि तीस वर्षं मी तसंच करत आले होते.

महिन्याभरात मैमूनाबीचे फोन सुरू झाले. टीव्ही जातो. कधी जातो? तर चांद पुरा असतो तेव्हा, आणि चांद अजिबात नसतो तेव्हा. बाकी दिवस बरा चालतो.

बावकरने फोन ठेवला आणि पोट धरून हसला. "मॅडम, ह्या बाईच्या टीव्हीत अवसेचं भूत शिरतंय. आणि पुनवेला मुंजा."

मीही हसले. आता लाज वाटते, पण हसले. बावकर संगमेश्वराकडचा, मी लांज्याची. आम्ही दोघेही भातशेतीतली माणसं. समुद्र आम्ही पाहुणे आले की त्यांना दाखवायला जाणार. आणि कोकणात अवस-पुनवेचं नाव काढलं की शिकलेल्या माणसाचं डोकं आपोआप बंद होतं. लहानपणापासून इतकी भुतं ऐकलेली असतात, की पुढचं ऐकायची गरजच वाटत नाही.

तरी मी गेले. ट्रायलच्या नियमाप्रमाणे दर पंधरवड्याला एक पाहणी करायची होती. एक मंगळवार सोडून पुढचा मंगळवार, असा माझा दौरा ठरलेला. तीन वेळा गेले, तीन वेळा मीटर लावला, तिन्ही वेळा आकडा उत्तम. दुपारपर्यंत बसून राहिले, तरी उत्तम. तिसऱ्या वेळी मी केंद्रात परत येऊन रजिस्टरात लाल शाईने शेरा मारला : "पाहणी केली. सिग्नल उत्तम. तक्रार निराधार. तक्रारदार चंद्राला दोष देतात." शेवटचं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. ते मी स्वतःवर खूश होऊन लिहिलं.

अहवाल मुंबईला गेला. त्यात खारवाडीपुढे "कव्हर" असा शब्द होता. त्यावरून जिल्ह्याची एक यादी झाली. जिथे आमचा टीव्ही पोचतो, तिथे वादळात भोंग्याची जीप पाठवायची नाही. जीपा थोड्या, गावं फार. हिशेब बरोबरच होता, फक्त माझा शब्द चुकीचा होता.

त्यानंतर मे महिन्याच्या शेवटी अरबी समुद्रात वादळ उठलं. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी परत येऊन एकमेकींना खेटून लागल्या. वादळ किनाऱ्यापासून लांबून जाईल असा अंदाज होता. वळलंच तर खाडीकाठच्या लोकांना हलवण्याचा हुकूम निघणार होता. त्याच दुपारी मैमूनाबीचा फोन आला. या वेळी मी उचलला.

"मॅडम, वादळ परवा येनार म्हंतात."

"हो. तुमचा संच चालू ठेवा. हुकूम निघाला की भोंगा वाजेल."

"नाय वाजनार."

"का?"

"परवा चांद पुरा हाय. दुपारच्या आधी टीव्ही जानार."

मी तोंड उघडलं, तीन वेळा पाहणी केली हे सांगायला. ती मध्येच म्हणाली, "आमच्या दादीला मागल्या वादळात दोनदा उचलून वर नेली. दोन्ही टायमाला काय झाला नाय. उतरवताना तिचा हात मोडला. आता ती सांगते, सरकारी हुकूम आल्याबिगर बाजेवरनं हलनार नाय. हुकूम तुमच्या टीव्हीत येनार, आनि टीव्ही नाय. मंग मी काय करू, ता सांगा."

फोन ठेवल्यावर मी रजिस्टर काढलं. खारवाडीच्या तक्रारी एकेका तारखेला सुट्या वाचल्या होत्या, सगळ्या एकत्र कधी पाहिल्याच नव्हत्या. आता बघितलं तर तीन-चार दिवस ओळीने तक्रारी, मग दहा-बारा दिवस शांतता, मग परत तक्रारी. आणि प्रत्येक शांततेच्या बरोबर मध्ये माझा मंगळवार बसलेला. मी पंधरा दिवसांनी जात होते आणि टीव्हीसुद्धा पंधरा दिवसांनीच जात होता. आमची गाठ पडणं शक्यच नव्हतं.

कारण मात्र तरीही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बावकरला आणि शिडीला जीपमध्ये घालून मी खारवाडी गाठली. आणि मग तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरला.

"अजून अर्ध्या तासाने भरती पुरी होईल," मैमूनाबी म्हणाली. "मंग पानी उतरला की टीव्ही येतो परत."

"भरती?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली बाई आणि हिला भरती माहीत नाही. "आज साडेदहाला भरेल. उद्या सव्वाअकराला. रोज पाऊण तास पुढं जाते. चांद पुरा असला, नायतर नसलाच, की उधान येते. मधल्या दिवसांत भांग असतो, पानी जास्ती चढत नाय."

उधाण म्हणजे मोठी भरती, भांग म्हणजे छोटी. हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आज तिथी चौदावी : चौदा पाऊण साडेदहा. उद्या पुनव : पंधरा पाऊण सव्वाअकरा. माझ्या वडिलांनी मला पाऊणकी घोकून घेतली होती, ती आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली. ही बाई मला दोन महिने चंद्राचं सांगत नव्हतीच. ती पाण्याचं सांगत होती. तिच्या घरात चांद म्हटलं की पाणी आलंच, ते वेगळं कशाला सांगायचं? आणि माझे मंगळवार सगळे भांगाचे.

मी खाली पाहिलं. कांदळवनाची मुळं बुडाली होती. पाणी एक वीत चढलं की माझा आकडा आणखी खाली.

साधं करून सांगते. टॉवरवरून निघालेली एक लहर सरळ अँटेनावर येते. दुसरी पाण्यावर आपटते, तिथून उडते आणि तीही अँटेनावरच येते. दोघींची ओढ एकाच वेळी एकाच बाजूला असली तर सिग्नल तगडा होतो. एक पुढे आणि एक मागे ओढू लागली, तर रस्सीखेचीत दोन्हीकडे सारखी माणसं असली की दोर हलत नाही, तसं होतं. पाण्याची उंची बदलली की दुसऱ्या लहरीचं अंतर बदलतं. उधाणाच्या भरतीला त्या ओळीतल्या घरांच्या छपरावर नेमकी ही रस्सीखेच बरोबरीत सुटत होती. जुना टीव्ही असता तर पडद्यावर मुंग्या आल्या असत्या, त्या हळूहळू वाढल्या असत्या, आणि मलाही आधी शंका आली असती. डिजिटलला मुंग्या नाहीत. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि मग एकदम नसतंच.

"बावकर, पाइप वाढव," मी म्हटलं. सवय. तीस वर्षांची सवय.

त्याने आणखी एक तुकडा जोडून अँटेना वर चढवली. आकडा उसळला. टीव्हीवरची बाई परत आली, पुढची बातमी सांगू लागली. बावकरने शिडीवरून अंगठा दाखवला. मी घाम पुसला आणि नाडकर्णी साहेबांना फोन लावला. ते मुंबईला, ट्रायलचे प्रमुख.

"गुड," ते म्हणाले. "उंची कमी पडत होती. मी म्हटलं नव्हतं? सगळीकडे वाढवून टाका आणि निघा. उद्या तुम्ही केंद्रात हव्यात."

फोन बंद केला तेव्हा मैमूनाबी टीव्हीकडे बघतच नव्हती. ती खाडीकडे बघत होती.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"आज साधी चौदावी. उद्या पानी याच्यापेक्षा वर येईल. वादळ असला तर आनि वर. मंग तुमी दांडा आनि वाढवनार?"

मी अँटेनाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. पाण्यापासून एका ठरावीक उंचीवर सिग्नल मरत होता. पाणी वर आलं की ती मरणाची रेघही त्याच्याबरोबर वर येणार. मी अँटेना पाच फूट वर नेली होती, म्हणजे पाणी पाच फूट जास्त चढलं की परत काळोख. वादळाच्या दिवशी पाणी किती चढतं? तेवढंच, कदाचित जास्त. मी दुरुस्ती केली नव्हती. मी बिघाड बरोबर वादळाच्या वेळेवर नेऊन ठेवला होता.

घड्याळात साडेदहाला पाच मिनिटं होती. भरती जवळजवळ पुरी.

"बावकर, खाली घे."

"काय खाली?"

"अँटेना. पाइपातून काढ, हातात धर आणि शिडी उतर. एकेक पायरी. मी सांगेन तिथे थांब."

"मॅडम, आताच तर आलंय चित्र!"

"उतर!"

तो उतरू लागला. दोन पायऱ्यांत चौकोन आले. आणखी एक, आणि पडदा काळा. मैमूनाबीने तोंडावर पदर धरला. बावकर थांबला.

"गेलं, मॅडम. ऐका माझं, वर नेतो."

"उतर म्हणते ना!"

चौथी पायरी, काळं. पाचवी, काळं. मनात हिशेब होता, पण हिशेब कागदावर असतो आणि बाई समोर उभी असते. सहाव्या पायरीला आकडा एक घर वर सरकला. मग आणखी एक. बावकरचे पाय जमिनीला लागले, अँटेना त्याच्या डोक्याच्या उंचीवर आली, तेव्हा टीव्ही मोठ्याने बोलू लागला. आकडा मी त्या अंगणात कधी पाहिला नव्हता इतका वर गेला होता. आणि खाली खाडी काठोकाठ.

आता रेघ आमच्या डोक्यावरून गेली होती. पाणी वाढलं तर ती आणखी वर जाणार, आमच्यापासून लांबच.

मी साहेबांना परत फोन केला.

"खाली?" ते म्हणाले. "तुम्ही अँटेना माणसाच्या उंचीवर लावताय? मॅन्युअल वाचलंय ना?"

"वाचलंय. त्यात समोर खाडी नाही."

"हे बघा, तुमच्याच अहवालात ती वाडी ओके आहे."

"अहवाल चुकलाय, साहेब. मी चुकीच्या दिवशी जात होते. यादीतून वाडी काढायला सांगा, जीप पाठवायला सांगा."

"आता? उद्या वादळ आहे. मी मेल टाकतो, पण यादी बदलेलसं वाटत नाही. आणि अँटेना तुमच्या जबाबदारीवर."

"माझ्याच," मी म्हटलं. मेल टाकतो म्हणजे काय ते मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तेव्हा मेल नव्हता, तार होती, एवढाच फरक.

त्या दिवशी आम्ही सातही घरं केली. कुठे अँटेना पडवीच्या खांबाला, कुठे विहिरीच्या कठड्याला, कुठे कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर. दुपारी पावणेपाचपर्यंत थांबून पूर्ण ओहोटीलाही चित्र टिकतं की नाही ते पाहिलं. टिकलं. फक्त शेवटच्या घरातला हसनमियाँ ऐकेना. पूर्वी बोटीवर तांडेल होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. ऐकायची सवय नाही.

"तुमीच सांगितला हुता, जितकी उंच तितकी उत्तम. माज्या अंगनात उभ्या राहून."

"तेव्हा मी चुकीचं सांगितलं."

"मंग आता बरोबर सांगताव कशावरनं?"

प्रश्न रास्त होता. मी त्याला मीटर दाखवला. तो मान हलवून बाजूला झाला, आणि बावकरने अँटेना खाली आणली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आम्ही दोघे केंद्रात होतो. वारा टॉवरमधून शिट्टी मारत होता. आठला वीज गेली, जनरेटर लागला. नऊच्या सुमारास माझा मोबाइल मेला, थोड्या वेळाने बावकरचा. खाली शहर पावसात दिसेनासं झालं. उरला फक्त वायरलेस. साडेदहाला त्यावरून संदेश आला : वादळ किनाऱ्याकडे वळलंय, भरतीबरोबर खाड्यांत पाणी घुसेल, काठावरची घरं ताबडतोब रिकामी करा.

मी सूचना टाइप केली. दोनदा वाचली आणि बटण दाबलं.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट लोकांना सांगून पटत नाही. आम्ही बोलतो, पण समोरच्याने ऐकलं का, ते आम्हाला कधीच कळत नाही. ट्रान्समीटरवर सगळे दिवे हिरवे होते. सिग्नल टॉवर सोडून गेला होता, इतकंच मी शपथेवर सांगू शकत होते. पलीकडे सात अँटेना, माझ्या शब्दावर माणसाच्या उंचीला आणलेल्या. माझा हिशेब चुकला असला तर? पाणी वेगळ्याच तऱ्हेने चढलं तर? शांत पाण्यावरून लहर उडते तशी खवळलेल्या पाण्यावरून उडते का, हे मी कुठे तपासलं होतं?

सव्वाअकरा वाजले. पंधरा पाऊण. मी दर पाच मिनिटांनी भोंग्याचं बटण दाबत राहिले. बावकर जनरेटरच्या खोलीतून डिझेल बघून आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, दादी म्हणे लई जड हाय." आणि पुन्हा डिझेल बघायला गेला.

रस्ते दुसऱ्या दिवशी दुपारी मोकळे झाले. बावकरच्या मोटारसायकलवर मागे बसून, पडलेल्या झाडांना वळसे घालत आम्ही खारवाडीला पोचलो. आधी खालची घरं लागली. दादीच्या घराचं दार उघडं होतं. भिंतीवर चिखलाची रेघ खिडकीच्या वर. आत भांडी, जाळी, चिखल. बाज नव्हती. मी दाराला धरून उभी राहिले.

"वर साळंत हायत सगळी," मागून कुणीतरी सांगितलं.

शाळा सड्यावर. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं उघडं माळरान. मी ती चढण कशी चढले मला आठवत नाही. पहिल्या वर्गात फळ्याखाली बाज होती आणि बाजेवर दादी. मोडून जुळलेल्या हाताने ती सुनेला दाखवत होती की पेजेत मीठ कमी आहे.

मला रडू आलं. तिथेच, वर्गाच्या दारात, सगळ्यांसमोर. बावकरने दुसरीकडे पाहिलं, एवढे त्याचे उपकार.

मैमूनाबीने मग सांगितलं. भोंगा साडेदहाला वाजला. वरून दादीला टीव्हीचा आवाज ऐकू जाणार नव्हता, म्हणून तिने बॅटरीसकट संचच उचलून, अँटेना बगलेत मारून, खाली नेला. तो तिथेही चालला. दादीने सरकारी हुकूम स्वतःच्या कानांनी ऐकला, मगच मैमूनाबीला आणि शेजारच्या दोघांना बाजेचे पाय उचलू दिले. पाणी दारात आलं तेव्हा बाज अर्ध्या चढणीवर होती. खालच्या घरांतलं सामान गेलं, दोन होड्या फुटल्या, माणूस एकही गेला नाही. जीप आली नाही. यादी बदललेली नव्हती.

"चौथा खांदा कुणाचा होता?" मी विचारलं.

मैमूनाबीने कोपऱ्यात पाहिलं. हसनमियाँ बसला होता. तो उठून आला आणि माझ्याशी नाही, बावकरशी बोलला. "तुमी गेलाव तसा मी संध्याकाळी अँटेना परत वर चढवली हुती. खाली बरी दिसंना. सकाळी साडेदहाच्या आधीच टीव्ही काळा. बाजूच्या घरातनं भोंगा आयकला म्हनून धावलो." मग थांबून माझ्याकडे वळला. "कालच्या पान्याला उंच असलेली एकटी माजीच हुती. म्हंजे तुमचा आता बरोबर हाय."

एवढी खात्रीची चाचणी मी स्वतःही घेतली नसती.

साहेबांचं पत्र नंतर आलं, समुद्रासमोरच्या सगळ्या वाड्यांची फेरतपासणी करा म्हणून. अहवालात "दोषाचे कारण" असा रकाना होता. साहेब फोनवर म्हणाले, "टेक्निकल असं लिहा, पुढे कोणी विचारत नाही." मी लिहिलं : "तपासणीची वेळ." दौरे तेव्हापासून भरतीचं कॅलेंडर बघून लागतात. ते कॅलेंडर जयगडच्या बंदरात कामाला असलेल्या माझ्या भाच्याने आणून दिलं. त्याआधी दोन वर्षं तो ते द्यायला बघत होता आणि मी म्हणत होते, मला काय करायचंय.

राहिलं रजिस्टर. ते बावकरने मैमूनाबीसमोर उघडलं, तिची सही घ्यायची होती म्हणून. ती चौथीपर्यंत शिकलेली. लाल शाईवर बोट ठेवून तिने सावकाश वाचलं, "तक्रारदार चंद्राला दोष देतात." मग विचारलं, "तक्रारदार म्हंजे मी?"

"हो."

"मंग ह्या खोडा."

सरकारी रजिस्टरात खोडता येत नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी चुकणाऱ्याने सही करायची. मी रेघ मारली, सही केली. मैमूनाबीने वाकून बघितलं.

"अजून वाचता येते," ती म्हणाली.

"नियमच तसा आहे," मी म्हटलं.

तिने पेन हातात घेतलं. "बरा नियम हाय," म्हणाली, आणि सही केली.